काळी तीनमधला फ्लश

माझे कान फार चांगले आहेत, हे आधीच सांगून टाकतो. कुणाकडून तरी तुम्हाला हे कळणारच, त्यापेक्षा थेट माझ्याकडूनच ऐका! पियानो आणि पेट्या सुरात लावून देणं हा माझा धंदा. सव्वीस वर्षं झाली. बंद दाराआड कुणी एक पट्टी दाबली तर ती काळी की पांढरी आणि कितवी, हे मी जिन्यात उभा राहून सांगतो. घरातला पंखा कुरकुरला तर त्याचा कुठला स्क्रू ढिला झालाय, हे मला पलंगावर पडल्या पडल्या कळतं. (उठून तो मी आवळतो का, हा प्रश्न वेगळा. बायको तो अधूनमधून विचारते.)

त्यामुळे आमच्या संडासाचा पाइप गायला लागला, तेव्हा घरात एकच माणूस खूश झाला. मी!

प्रकार असा होता. फ्लश ओढला की टाकी भरायला लागायची आणि भरत आली की भिंतीतल्या पाइपातून 'हूंऽऽऽऽ' असा भोंगा सुरू व्हायचा. बोट बंदरात शिरताना देते ना, तसा. चांगला दीड मिनिट! त्यात टाकी कुठेतरी झिरपत होती. म्हणजे कुणी फ्लश ओढला नाही तरी दर दहा-बारा मिनिटांनी ती आपली आपण थोडं पाणी भरून घ्यायची आणि पुन्हा हूंऽऽऽऽ! एरवी आम्ही हे वर्षभर सहज सोसलं असतं. घरातले बिघाड सोसण्यात आमचा हात कुणी धरणार नाही. पण या वेळी मधे शनिवार होता.

त्याचं झालं असं, की माझी बायको एकोणीस वर्षं बसस्थानकावर घोषणा करत होती. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली दीड तास उशिरा येणार, कुणाचं पोर चौकशीच्या खिडकीपाशी रडत बसलंय, सगळं तिच्या आवाजात. 'गाडी रद्द झाली आहे' हेसुद्धा ती अशा काही समजुतीने सांगायची, की लोक भांडायचं सोडून निमूट घरी जायचे! आठ महिन्यांपूर्वी तिथे यंत्र बसवलं. यंत्राचा आवाज उपाशीपोटी बोलल्यासारखा आहे, पण ते रजा मागत नाही. बायकोला भिंतीवरचं एक घड्याळ आणि टाळ्या देऊन निरोप दिला.

तेव्हापासून ती घरात कामापुरतंच बोलायला लागली. 'जेवायला या.' 'दार लावा.' 'टॉवेल पलंगावर टाकू नका.' मला ते फार लागायचं. पण बोलून दाखवायचं कसं ते कळेना, म्हणून मी टॉवेल दोरीवर टाकायला लागलो.

आणि सोमवारी तिला एक पत्र आलं. अंधांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका ग्रंथालयाला वाचक हवा होता. तिने गुपचूप अर्ज केला होता, मला पत्ताही लागू दिला नव्हता. त्यांनी नमुना मागवला होता. वीस मिनिटं सलग वाचन. तुकडे जोडलेले चालणार नाहीत. मागे कसलाही आवाज नको. मोबाइलवर केलं तरी चालेल, पण शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत पोचलं पाहिजे.

त्या संध्याकाळी ती सलग अकरा वाक्यं बोलली. मी मोजली!

बारावं वाक्य सुरू होणार तेवढ्यात भिंतीतून हूंऽऽऽऽ झालं. आमची झोपायची खोली आणि संडास यांच्यात एकच भिंत आहे आणि वाचन त्याच खोलीत व्हायचं होतं. आम्ही दोघं भिंतीकडे बघत राहिलो.

"अहो, शनिवारी वीस मिनिटं तो टाकीखालचा कॉक बंद ठेवला तर?" ती म्हणाली.

उपाय अगदी साधा होता. तिथेच तर माशी शिंकली! इतका साधा उपाय करायला माझ्यासारखा माणूस कशाला हवा?

"हे बघ," मी म्हणालो, "आवाज नुसता दाबायचा नसतो. तो कुठून निघतो ते शोधून मुळापासून काढायचा असतो. बुधवारपर्यंत पाइप मुका करून दाखवतो!"

"आणि नाही झाला तर?"

"माझ्या कानांवर भरवसा नाही तुझा?"

"कानांवर आहे," ती म्हणाली.

मंगळवारी दुकानातून लवकर आलो. हत्यारांची पेटी घेतली, संडासात स्टूल टाकलं आणि कामाला लागलो. लाकडाची एक काठी पाइपाला टेकवायची आणि तिचं दुसरं टोक कानाला लावायचं, ही आमच्या धंद्यातली जुनी रीत. पियानोच्या पोटातली कुरकुर अशीच सापडते. फ्लश ओढला, डोळे मिटले आणि ऐकलं.

भोंगा धड पांढरी चारमध्ये नव्हता, धड काळी तीनमध्ये नव्हता. दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी लोंबकळत होता!

आता तुम्ही म्हणाल, त्याने काय बिघडतं? तुमचं नसेल बिघडत. माझ्या अंगावर काटा आला. बेसूर माणसाबरोबर राहता येईल, बेसूर पाइपाबरोबर नाही! मी टाकीखालचा कॉक किंचित आवळला. भोंगा जरा चढला. आणखी किंचित आवळला. आणखी चढला. मग खिशातून सूरकाटा काढला, गुडघ्यावर आपटून कानाशी धरला आणि केसभर केसभर कॉक फिरवत राहिलो. मधे आप्पा तीनदा येऊन बाहेर उभे राहिले.

आप्पा म्हणजे माझे वडील. वय एक्याऐंशी. डॉक्टरांनी त्यांना दिवसाला तीन लिटर पाणी प्यायला सांगितलंय आणि आयुष्यात डॉक्टरांचा हा एकच सल्ला त्यांनी मनावर घेतलाय. बाटलीवर खुणा करून पितात. त्यामुळे आमच्या फ्लशला दिवसभर उसंत नसते.

"अरे, किती वेळ?" बाहेरून आप्पा ओरडले.

"एकच मिनिट, आप्पा! लागतच आलाय!"

"मलाही लागतच आलीय!"

शेवटी साधलं! भोंगा बरोबर काळी तीनवर येऊन असा काही ठरला, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी धावत बायकोकडे गेलो.

"झाला बंद?" तिने विचारलं.

"बंद नाही, पण सुरात आला! ऐक तरी!"

तिने पुस्तक मिटलं. "मला तो सुरात नकोय. मला तोच नकोय."

बोलणं रास्त होतं. बुधवारी सकाळी मी मनाला मुरड घालून तिचा साधा उपाय करायला गेलो. म्हटलं, कॉक पूर्ण बंद करून तरी बघू. जोर लावून फिरवला आणि कॉकची मूठ माझ्या हातात आली! आतली दांडी जागच्या जागी गरागरा फिरायला लागली. कॉक ना उघडेना, ना मिटेना. पाणी चालूच. आणि सूर? बरोबर काळी तीन!

बायकोने प्लंबरला फोन लावला. पलीकडून तो इतका ओरडून बोलत होता, की मला स्वयंपाकघरात ऐकू आलं. "काय? आवाज? कसला आवाज? रविवारी येतो! त्याआधी जमायचं नाही! रविवारी!"

तिने फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मंगळवारपासून तिने सात वेळा वाचायला सुरुवात केली होती आणि सातही वेळा नवव्या-दहाव्या मिनिटाला भिंतीने तिचं वाक्य तोडलं होतं. आता ती पुस्तक उघडायच्या आधी भिंतीकडे बघायला लागली होती.

"फेल्ट!" मी म्हणालो.

पियानोच्या हातोड्यांना आणि पट्ट्यांखाली फेल्ट लावतात. जाड, दाबलेलं लोकरीचं कापड. आवाज खाऊन टाकण्यात त्याचा हात धरणारं दुसरं काही नाही. दुकानात माझ्याकडे गुंडाळ्याच्या गुंडाळ्या पडल्या आहेत. एक गुंडाळी आणली आणि संडासातला सगळा पाइप टाकीपासून जमिनीपर्यंत गुंडाळला. आजारी माणसाच्या गळ्याला मफलर बांधतात तसा. वर सुतळीने आवळला. झोपायच्या खोलीत जाऊन ऐकलं. आवाज निम्म्याने कमी! मी स्वतःच्याच पाठीवर थाप मारली.

पण आवाज खाल्ला गेला नव्हता. तो नुसता पाइपातून खाली उतरला होता.

गुरुवारी सकाळी दार वाजलं. खालच्या मजल्यावरचे हेडमास्तर. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण अजून जिना चढतानासुद्धा ते वर्गात शिरल्यासारखे चढतात. आमच्या इमारतीचे सेक्रेटरीही तेच. हातात नियमांची वही होती.

"घरात वाद्याचे वर्ग घ्यायचे असतील तर समितीची परवानगी लागते," ते म्हणाले. "नियम सतरावा."

"कसले वर्ग?"

"कसले ते तुम्हीच सांगा. काल संध्याकाळपासून ऐकतोय. कुणीतरी काहीतरी फुंकतंय. एकच सूर, दर दहा मिनिटांनी. शिकणारा नवखा आहे हे कळतं, पण सूर पक्का लागतो आणि चिकाटी दांडगी आहे. कुठाय विद्यार्थी?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आत हूंऽऽऽऽ झालं, संडासाचं दार उघडलं आणि आप्पा टॉवेलला हात पुसत बाहेर आले.

हेडमास्तरांनी वही खाली घेतली. "तुम्ही? या वयात?"

"वय झालं म्हणून काय बंद करायचं?" आप्पा म्हणाले.

"छे छे, उलट कौतुक वाटतं! दिवसातून किती वेळा?"

"पंधरा-सोळा वेळा तरी होतं. पहाटे उठल्याबरोबर पहिलं."

"पहाटे! वा! आणि हे शिकवलं कुणी?"

"शिकवायचंय काय त्यात? डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हापासून वाढलंय."

"बरोबर आहे, फुप्फुसांना उत्तम! पण आत, दार लावून का?"

"मग काय दार उघडं ठेवू?"

"विनय!" हेडमास्तर माझ्याकडे वळून म्हणाले. "याला विनय म्हणतात. एक्याऐंशीव्या वर्षी इतका स्थिर श्वास! मी चाळीस वर्षं मुलं पाहिली, एकाची अशी निष्ठा नाही पाहिली!"

आता आप्पांच्या डोक्यात प्रकाश पडला. मी खुलासा करायला पुढे झालो, तर त्यांनी माझ्या पायावर पाय दिला. त्यांची तरी काय चूक? सगळं आयुष्य हिशेबनिसाच्या खुर्चीत गेलं, तिथे कुणी कधी 'वा' म्हटलं नाही.

"रियाज आहे हो," आप्पा जमिनीकडे बघत म्हणाले. "बाकी काही नाही."

हेडमास्तरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि आप्पांना चार ते पाच अशी अधिकृत वेळ नेमून दिली. मला वाटलं, चला, बला टळली. दोघं दाराशी आणखी काहीतरी कुजबुजत होते, तिकडे मी लक्ष दिलं नाही. कान पाइपाकडे होते.

शुक्रवारभर मी विचार केला. टाकीचा कॉक मोडला, ठीक आहे. पण पाणी येतं कुठून? गच्चीवरून! गच्चीवर प्रत्येक पाइपाला वेगळा व्हॉल्व्ह आहे. आपल्या पाइपाचा व्हॉल्व्ह अर्धा तास बंद ठेवला, की पाणी नाही, भोंगा नाही, मिटला प्रश्न! इतकी सरळ गोष्ट चार दिवस सुचली नाही म्हणून मी कपाळावर हात मारून घेतला.

शनिवारी पावणेचारला गच्चीवर गेलो. सहा व्हॉल्व्ह ओळीने उभे होते. एकावरही पाटी नाही. दुसरा कुणी असता तर खाली जाऊन विचारून आला असता. मी पियानोची छोटी हातोडी काढली आणि एकेका पाइपावर टिचकी मारून ऐकलं. पाचवा वाजला आणि मी हसलो. काळी तीन! आपल्या घरचा माणूस गर्दीत आवाजावरून ओळखावा तसा ओळखला. दोन्ही हातांनी तो व्हॉल्व्ह घट्ट बंद केला.

तो सगळ्या इमारतीचा होता.

मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. मी खाली आलो, टाकी रिकामी केली, पाच मिनिटं वाट पाहिली. शांतता! अशी शांतता, की भिंतीवरच्या घड्याळाचे ठोकेसुद्धा जोरात वाटायला लागले. ते काढून पायपुसण्यात गुंडाळलं. दाराच्या घंटीची वायर सोडवली.

"चल!" मी बायकोला म्हणालो. "मुका केला!"

तिने माझ्याकडे बघितलं, आणि खरं सांगतो, पाच दिवसांत पहिल्यांदा हसली. चार वाजून दहा मिनिटांनी ती खोलीत गेली, दार लावलं आणि आतून तिचा आवाज यायला लागला. मी बाहेर स्टुलावर श्वास रोखून बसलो.

सव्वाचारला दारावर हलकी टकटक झाली. मी उठायच्या आत आप्पांनी दार उघडलं. आप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता! दारात हेडमास्तर आणि त्यांच्यामागे इमारतीतले आणखी तीन म्हातारे, तेही इस्त्रीचे शर्ट घालून. गुरुवारी दाराशी काय कुजबुज चालली होती ते आता कळलं. आप्पांनी कार्यक्रम ठेवला होता!

मी तोंडावर बोट ठेवलं. चौघांनी आदराने माना डोलावल्या आणि चपला काढून, चवड्यांवर चालत, संडासाच्या दारासमोर ओळीने खुर्च्यांवर बसले. आप्पांनी सगळ्यांना नमस्कार केला, आत गेले, दार लावलं.

खट्ट. आतून फ्लशचा दांडा खाली गेल्याचा आवाज आला. पुढे काहीच नाही.

खट्ट. खट्ट खट्ट.

दार किलकिलं झालं. "पाणी नाही," आप्पा माझ्या कानात कुजबुजले. त्यांचा चेहरा रडवेला झाला होता.

खुर्चीवरच्या एका म्हाताऱ्याने ते ऐकलं. "पाणी माझ्याकडेही नाही," तो कुजबुजला. "चार वाजल्यापासून."

"माझ्याकडेही," दुसरा कुजबुजला. "बायको केसांना साबण लावून बसलीय."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. हेडमास्तर मात्र कर्तव्यबुद्धीने उठले आणि बोटाने वर, गच्चीकडे खूण केली. मी दोन्ही हात जोरजोरात हलवले. म्हणजे 'नको, नको!' त्यांनीही हात हलवला. म्हणजे 'काळजी नको, मी आहे!' आणि निघाले. ओरडायची सोय नव्हती. आत बारावं मिनिट चालू होतं! मी त्यांच्यामागे जिन्यात धावलो, तर दुसऱ्या मजल्यावर हातात बादल्या घेतलेल्या सहा जणांनी मला अडवलं. पाणी का नाही, टाकी धुतली का, सेक्रेटरी कुठे आहेत! त्यांच्यातून सुटून गच्चीत पोचलो तेव्हा हेडमास्तर पाचव्या व्हॉल्व्हला शेवटचा आटा देऊन हात झटकत होते.

"कुणा गाढवाने बंद केला होता!" ते म्हणाले.

मी जिन्याकडे वळलो.

रिकाम्या पाइपांत एकदम पाणी सोडलं की काय होतं, ते मला त्या दिवशी कळलं. आधी हवा आली. सगळी इमारत ढेकर दिल्यासारखी गडगडली. मग लोकांनी उघडे ठेवलेले वीस-पंचवीस नळ एकदम खाकरले. मग सगळ्या घरांतल्या टाक्या एकदम भरायला लागल्या, पाइप भिंतीवर थाडथाड आपटायला लागले आणि या सगळ्या गोंधळावर, सगळ्यांत उंच, फेल्ट आणि सुतळी फेकून देऊन, आमची काळी तीन! हूंऽऽऽऽऽऽऽऽ!

मी खाली आलो तेव्हा तिघे म्हातारे उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि आप्पा संडासाच्या दारात वाकून त्यांचा स्वीकार करत होते.

तेवढ्यात खोलीचं दार उघडलं. बायको ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त हातातला मोबाइल बंद केला.

"अठरा मिनिटं झाली होती," ती म्हणाली.

मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. आठ महिने गप्प बसलेलं माणूस बोलायला लागलं होतं आणि मी त्याच्या मधे सगळ्या इमारतीचं पाणी सोडलं होतं! चार वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली होती.

"थांब जरा," मी म्हणालो. "हवा निघून गेली की शांत होईल. मी परत वर जाऊन—"

"किल्ली द्या."

"कसली?"

"दुकानाची."

आम्ही पळालो. पंचावन्न आणि बावन्न वर्षांची माणसं जितकी पळतील तितकं. दुकान आठ मिनिटांवर आहे. गल्लीच्या टोकाला एक खोली, मागे बंद गोदाम. आत सात पियानो, सातांवर जाड दुलया, चारही भिंतींना फेल्टच्या गुंडाळ्या. नळ नाही, पाइप नाही. दार लावलं की रस्त्यावरची गाडीसुद्धा ऐकू येत नाही. सव्वीस वर्षं मी त्या शांततेवर पोट भरलं आणि पाच दिवसांत एकदाही ती मला आठवली नव्हती!

"तुला आधी का नाही सुचलं हे?" मी धापा टाकत कुलूप उघडलं.

"मंगळवारी सांगितलं होतं. तुम्ही पाइपाला कान लावून 'हो हो' म्हणालात."

तिने मला कोपऱ्यात पियानोच्या बाकावर बसवलं, मोबाइल दुलईवर ठेवला, पाण्याचा घोट घेतला आणि सुरुवात केली.

गोष्ट एका दीपगृहाच्या राखणदाराची होती. तो रोज संध्याकाळी दिवा लावतो आणि कुठल्याही जहाजाने त्याला कधी आभाराचं पत्र पाठवलेलं नाही, एवढीच. पण ती वाचायला लागली आणि मला तिथे बसल्या बसल्या समुद्राचा वारा लागला. एकोणीस वर्षं ज्या आवाजाने लोकांना त्यांच्या गाडीत नेऊन बसवलं, तो आवाज पुन्हा जागेवर आला होता. तिचा कुठला सूर कुठे लागतो, हे मी ऐकलंच नाही. मी फक्त तिला ऐकलं. किती दिवसांनी, ते सांगायला मला शरम वाटते.

चार सत्तावन्नला तिने शेवटचं वाक्य वाचलं आणि अठ्ठावन्नला पाठवून दिलं. मग आम्ही दोघं दुलईवर डोकं टेकून खूप हसलो.

रविवारी प्लंबर आला. त्याला ऐकायला कमी येतं. मी त्याला भोंगा, काळी तीन, सगळं ओरडून समजावलं. "आवाज मला कळत नाही साहेब," तो म्हणाला आणि पाइपावर तळहात ठेवून उभा राहिला. "थरथरतोय. आतलं वॉशर गेलंय." बोटाच्या पेराएवढा एक रबराचा तुकडा त्याने बदलला, टाकीतली झिरप थांबवली, कॉक नवा बसवला. सगळं मिळून पंचवीस मिनिटं, त्यात चहाची दहा! पाइप मुका झाला. आप्पा दोन दिवस नाराज होते. हेडमास्तरांना त्यांनी सांगितलं, की गुरूंनी विश्रांती घ्यायला सांगितलीय.

आणि नऊ दिवसांनी ग्रंथालयाचं उत्तर आलं. निवड झाली! पहिलंच पुस्तक चारशे तीस पानांचं. आता रोज दहा ते बारा माझ्या दुकानात तिचं वाचन चालतं आणि तेवढा वेळ मालकाला आत प्रवेश नाही. मी बाहेर पायरीवर, दाराच्या चौकटीला पाठ टेकून बसतो. दार बंद असलं तरी फटीतून तिचा आवाज पुसट येतो. गिऱ्हाईक आलं तर मी त्याला तोंडावर बोट ठेवून परत पाठवतो. दिवसातले सगळ्यांत सुखाचे तास!

पण तिसऱ्याच दिवशी तिने संध्याकाळी ध्वनिमुद्रण ऐकताना कपाळाला आठी घातली. "मागे काहीतरी येतंय. पंधराव्या मिनिटापासून. खर्र, खर्र."

"दे इकडे!" मी कानांना हेडफोन लावला, डोळे मिटले. "लाकूड आहे. जुनं लाकूड. डावीकडच्या पियानोला भुंगा लागलाय."

दुसऱ्या दिवशी मी डावीकडचा पियानो पार खोलून पाहिला. भुंगा नव्हता. संध्याकाळच्या ध्वनिमुद्रणात आवाज होताच.

"भुंगा नाही, उंदीर!" मी म्हणालो. "कुरतडतोय. तोही चांगला जाडजूड, वयस्कर उंदीर." आणि सापळा आणायला निघालो.

"उद्याचा दिवस थांबा," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रात्रीच्या जेवणाआधी तिने मोबाइल टेबलावर ठेवला. आवाज या वेळी अगदी स्वच्छ होता, जणू कुणी जवळ नेऊन धरला होता. "ओळखा," ती म्हणाली.

"हाच!" मी ताडकन उठलो. "बघ, म्हणालो नव्हतो? उंदीरच आहे! कुठे सापडला?"

"दाराबाहेर, पायरीवर," ती म्हणाली. "चौकटीला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून झोपला होता."

आप्पा इतके हसले, की त्यांना उठून आत जावं लागलं.

आता मी दहा ते बारा रस्त्याच्या पलीकडच्या बाकावर बसतो. अंतर बायकोने स्वतः पावलं टाकून ठरवलंय. तिथून तिचा एक शब्दही ऐकू येत नाही. झोप मात्र छान लागते.